चिमाजी अप्पांच्या वाटेवर, हाताने शिवलेल्या कपड्यांत

आमचे घर ठाण्यात नौपाड्यात आहे आणि आमच्या छंदाची सुरुवात इमारतीच्या आवारात रचलेल्या दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली. सात वर्षांपूर्वी बाजारातून आणलेला मातीचा मावळा हातात धरून लेकीने विचारले, की याच्या अंगरख्याला गुंड्याच नाहीत, मग हा तो घालतो कसा? त्या संध्याकाळी आईने जुन्या धोतराच्या तुकड्यातून बोटभर लांबीची बाराबंदी शिवली, तिला बंदांच्या सहा जोड्या लावल्या आणि एकेक जोडी बांधून दाखवली. ती चिमुकली बाराबंदी आजही आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. आता लेक पंधरा वर्षांची आहे, मुलगा दहा वर्षांचा आहे, आणि आमच्या घरात पेशवाईच्या पहिल्या अर्ध्या काळातले साधे कपडे, शाई, बोरू आणि कड्यांचे चिलखत हाताने तयार होते. मी शिवतो, पत्नी कापड रंगवते, लेक लोखंडी तारेच्या कड्या गुंफते, मुलगा मोडी लिहितो आणि आई आम्हा सगळ्यांच्या कामावर नजर ठेवते.

घरात एक नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. आम्ही सरदारांचे कपडे करत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी भाड्याने मिळणारा मखमलीचा, प्लास्टिकच्या मोत्यांचा पोशाख पाहून मुलांना इतिहास म्हणजे झगमगाट वाटू लागतो, आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटते. ज्या माणसांनी मोहिमा चालवल्या, त्यांतील बहुतेक जण जाडेभरडे सुती कापड, पागोटे, वहाणा आणि कांबळे एवढ्यावर निघत. हे कपडे करायचे तर ते घालून चालायलाही हवे, असे आमचे बरेच दिवस चालले होते. म्हणून नाताळच्या सुट्टीत २६ ते २८ डिसेंबर असे तीन दिवस ठरवले आणि वर्ष निवडले १७३७, कारण ते आमच्याच गावाचे वर्ष आहे. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी त्या वर्षी मार्च महिन्यात ठाण्याचा कोट पोर्तुगिजांकडून घेतला आणि मे १७३९ मध्ये वसई पडेपर्यंत ही मोहीम चालली. खुद्द वसईचा किल्ला आम्ही मुद्दाम मे महिन्यासाठी राखून ठेवला.

पहिला दिवस : ठाणे आणि घोडबंदर

पहाटे साडेपाचला दिवा लावून सगळे कपडे घालायला बसलो. घाईत बाराबंदी घालता येत नाही, हा पहिला धडा घरातच मिळाला. आतला पदर एका बगलेकडे बांधायचा, वरचा पदर दुसऱ्या बगलेकडे न्यायचा, आणि खालचा बंद आधी आवळला तर वरचा पदर छातीवर फुगतो. आईने नऊवारी नेसायला आम्हा सर्वांपेक्षा कमी वेळ घेतला. लेकीने नऊवारीच नेसली, मात्र कड्यांची गळपट्टी पिशवीत घेतली, कारण ती कुठे घालायची हे तिने आधीच ठरवले होते.

मासुंदा तलावावर त्या वेळी धुक्याचा पातळ थर होता. कोपिनेश्वराच्या देवळात काकडआरतीनंतरची शांतता होती. आजचे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारले, म्हणजे आम्ही जे वर्ष अंगावर घातले होते, त्याच्यानंतर दोन दशकांनी. तेथे रोज येणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला नाटकातली माणसे समजून तालीम कुठे आहे असे विचारले. आम्ही सगळा प्रकार सांगितल्यावर त्यांनी माझ्या बाराबंदीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि ‘हा धावदोरा नाही, उलटी टीप आहे’ असे म्हणाले. त्यांच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. पुढची वीस मिनिटे आम्ही देवळाच्या ओट्यावर बसून कापडाच्या शिवणीबद्दल बोललो, आणि सबंध प्रवासात माझे सर्वांत मोठे समाधान मला त्या वीस मिनिटांत मिळाले.

ठाण्याचा कोट आत जाऊन पाहता येत नाही, कारण तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. बाहेरच्या रस्त्यावरून तटाचा काळा दगड पाहिला आणि तेथे फोटो काढायचा नसतो हे मुलांना समजावून पुढे निघालो. पोर्तुगिजांच्या हातून हा कोट गेला, तेव्हा त्याचे बांधकामही पुरते झालेले नव्हते. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, आणि १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून, याच कोटातून, निसटले. मुलाला ही गोष्ट फार आवडते, कारण बाहेर घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने गाण्यांतून निरोप पोहोचवले, असे सांगितले जाते.

गाडीत मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याची नोंद केली, तेव्हा येथून बाहेर जाणाऱ्या मालात कातडे आणि सुती कापड यांचा उल्लेख केला. ज्या गावात आज तयार कपड्यांची दुकाने ओळीने लागली आहेत, त्या गावाची ओळख एके काळी कापडाने होती, हे ठाणेकरांनी विसरू नये असे मला मनापासून वाटते.

घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या अलीकडे वाहतूक थांबली आणि आम्ही पावणेदोन तास एका जागी बसून राहिलो. एरवी हे लिहिलेही नसते, परंतु या पावणेदोन तासांत हातशिलाईच्या कपड्यात बसणे म्हणजे काय हे कळले. कंबरेचा शेला घट्ट बांधला की पाठ ताठ राहते आणि दुखत नाही. उलट गाडीचा पट्टा शेल्याच्या गाठीवर दाबून बसतो, म्हणून प्रवासात गाठ डाव्या कुशीवर घ्यावी.

किल्ल्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि सकाळचा गारवा संपला होता. अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून या बंदराला नाव पडले, असे सांगतात. टेकडी लहान आहे, पण वरून उल्हास नदीची खाडी वसईच्या दिशेने वळताना दिसते, आणि ज्याच्या ताब्यात ही टेकडी त्याच्या ताब्यात खाडीतली ये-जा, हे कोणी सांगावे लागत नाही. खाडीवरून खारट, ओलसर वारा येत होता. मुलाने तटाच्या सावलीत हातकागद काढून मोडीत चार ओळी लिहायला घेतल्या. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई घरी पाच मिनिटांत सुकते, येथे ती सुकेचना. शेवटी त्याने वाटेवरची बारीक माती चिमटीने भुरभुरली आणि झटकली. जुन्या कागदांवर वाळूचे कण का सापडतात, हे त्याने स्वतः शोधून काढले, आणि तो आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिवसभर होता.

येथेच माझ्या बाराबंदीला अपघात झाला. बुरुजाची उंच पायरी चढताना आधारासाठी उजवा हात वर नेला आणि बगलेत कापड फाटल्याचा आवाज आला. शिवण शाबूत होती, शिवणीच्या शेजारचे कापड फाटले होते. आईने ते पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, की इथे दोरा कोणता वापरलास? तो तुकडा बसवताना सुती दोरा संपला होता आणि मी शिलाई यंत्राचा पॉलिस्टरचा दोरा घेतला होता. दोरा कापडापेक्षा बळकट असला, की ताण आल्यावर तो तुटत नाही, कापड कापतो. सुती दोरा असता तर तो आधी तुटला असता, आणि तुटलेली शिवण पाच मिनिटांत पुन्हा घालता येते. बगलेत चौकोनी तुकडा तिरका बसवतात, तो हात वर जावा म्हणूनच. तुकडा मी बरोबर कापला होता, दोरा चुकीचा निवडला होता. संध्याकाळी घरी आईने दोऱ्याला मेण चोळून फाटलेल्या जागी ठिगळ लावले, आणि ते ठिगळ मी आता कधीही काढणार नाही.

घोडबंदरला जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत पोहोचावे, म्हणजे रस्ताही मोकळा मिळतो आणि ऊनही चुकते. वर सावली फारशी नाही, पाणी सोबत हवेच. नव्या वहाणांचे तळवे घासल्याखेरीज दगडावर धरत नाहीत, म्हणून त्या आधी आठवडाभर घरात वापराव्यात. आणि शस्त्रांच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगतो : तलवार, पट्टा, भाला असे काहीही खरे किंवा धातूचे सार्वजनिक जागी नेऊ नये. आमच्याकडे केवळ लाठ्या असतात, आणि वाटेत पोलिसांनी विचारल्यावर मुलांनीच नम्रपणे त्या काय आहेत ते सांगितले.

दुसरा दिवस : वज्रेश्वरी

भिवंडीमार्गे अंबाडीला आणि तेथून वज्रेश्वरीला पोहोचलो. हवा ठाण्यापेक्षा स्पष्टपणे कोरडी आणि गार होती, भातकापणी होऊन गेलेल्या खाचरांतून जळक्या पेंढ्याचा वास येत होता. वसईचा वेढा लांबला, तेव्हा चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि वसई हाती आल्यावर हे देऊळ बांधवले, अशी परंपरा आहे. त्यासाठी वसईचे नवे सुभेदार शंकर केशव फडके यांना आज्ञा झाली. देवळाला तट आहे, वर नगारखाना आहे, आणि लांबून पाहणाऱ्याला तो एखादा लहान किल्लाच वाटतो.

पायऱ्या चढताना मुलाचे पागोटे दोनदा सुटले. ते पागोटे त्याचे स्वतःचे होते. पत्नी मंजिष्ठेने लाल रंग करते, त्यासाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत भिजवावे लागते, आणि सगळ्याला चार-पाच दिवस जातात. मुलाला पिवळेच हवे होते आणि लगेच हवे होते, म्हणून त्याने हळदीत रंगवले होते. रंग फार सुंदर आला होता. पायऱ्यांवर फुलांची परडी घेऊन बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी त्याला हाक मारून जवळ बसवले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पांढरे, जुने, अनेकदा धुतलेले पागोटे होते. त्यांनी मुलाचे कापड पूर्ण सोडले, आईकडून तांब्याभर पाणी मागून घेऊन ते ओले केले, पिळले, एक टोक मुलाच्या पायाच्या अंगठ्यात अडकवले आणि दुसऱ्या टोकापासून पीळ भरत आणला. मग तो पीळ त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर फेऱ्या घेत बसवला आणि तयार झालेले पागोटे उचलून मुलाच्या डोक्यावर ठेवले. ‘डोईवर गुंडाळलं की डोई हलते, गुडघा हलत नाही’, असे ते म्हणाले. ओले कापड सुकताना आवळत जाते आणि फेऱ्या एकमेकींना धरून ठेवतात. आम्ही तीन वर्षे कोरडे कापड डोक्यावर गुंडाळत होतो, पुस्तकांतली चित्रे पाहून. चित्रात बांधलेले पागोटे दिसते, बांधणारे हात दिसत नाहीत.

मी त्यांना पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. आईने त्यांच्याकडून सगळी झेंडूची फुले विकत घेतली आणि दोघे बराच वेळ त्या भागातल्या जुन्या भाताच्या जातींबद्दल बोलत बसले.

दुपारचे जेवण तानसा नदीच्या काठी, अकलोलीच्या गरम कुंडांजवळ केले. जेवणाबद्दल आमच्याकडे फार चर्चा होते. बटाटा आणि टोमॅटो महाराष्ट्राच्या रोजच्या स्वयंपाकात बऱ्याच उशिरा आले, म्हणून ते या शिदोरीत नसतात. शेंगदाणाही नसतो, त्यामुळे चटणीला कारळे आणि तीळ घेतो. मिरची पोर्तुगिजांबरोबर भारतात आली, म्हणजे १७३७ पर्यंत ती या किनाऱ्यावर नक्कीच ठाऊक होती, तरी पत्नी मिरीच वापरते, कारण तिला मिरीची चव या जेवणाला अधिक शोभते असे वाटते. तांदळाची भाकरी, कुळथाचे घट्ट पिठले, भाजलेला सुका जवळा, कारळ्याची चटणी आणि गूळ, एवढेच होते. गूळ घालून कालवलेले सातूचे पीठ मी खास करून सांगेन : ते शिजवावे लागत नाही, उन्हात खराब होत नाही आणि मूठभर खाल्ले तरी दोन-तीन तास भूक लागत नाही. कूच करणाऱ्या माणसाला असेच अन्न हवे. आईचा दुपारचा चहा मात्र आम्ही कोणत्याही वर्षात सोडत नाही.

कुंडाचे पाणी पायाला चटका देण्याइतके गरम होते. थंड पहाटेला ते किती सुखाचे असेल, असा विचार करून आम्ही रात्री गणेशपुरीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी पुन्हा तेथे गेलो. पाण्यावर वाफ होती, शेजारच्या गावातल्या बायका गप्पा मारत बसल्या होत्या, आणि आईच्या नऊवारीच्या काष्ट्यावरून लगेच ओळखीचा धागा निघाला. त्यांच्यातील एकीने लेकीचा काष्टा सोडून पुन्हा नेसवला, अधिक आखूड आणि अधिक घट्ट, शेतात वाकून काम करता येईल असा. लेक नंतर दिवसभर त्याच नेसणीत होती.

मुक्कामाला जाणाऱ्यांनी सुट्टीत आणि शनिवार-रविवारी खोली आधी ठरवावी. देवळात फोटो काढण्यापूर्वी विचारावे. जुन्या धाटणीचे कपडे घालून देवळात जाताना आपण दर्शनाला आलो आहोत, याचे भान मुलांना आधीच द्यावे, कारण चार लोक जमले की त्यांना चेव येतो.

तिसरा दिवस : बेलापूर, दिवाळे आणि अर्बन हाट

गणेशपुरीहून निघून दहाच्या सुमारास बेलापूरला पोहोचलो. येथे माझ्या चुलतकाकांचे घर आहे, त्यांनी केलेल्या घावन्यांचा आणि नारळाच्या रसाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काका स्वतः या टप्प्यात आमच्याबरोबर आले, पांढरे धोतर नेसून.

बेलापूरचा किल्ला पनवेल खाडीच्या मुखाशी आहे. आज तेथे सलग किल्ला म्हणावा असे थोडेच उरले आहे, बुरूज आणि तटाचे काही भाग दिसतात. किल्ला हाती आला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला आणि त्यावरून गावाला बेलापूर हे नाव पडले, अशी कथा काकांनी सांगितली. कथा म्हणूनच ती ऐकावी. आजूबाजूला काचेच्या उंच इमारती आहेत, आणि त्यांच्यामध्ये तो एकटा बुरूज पाहून लेक बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने गळपट्टी काढली. दीड वर्षात तिने तिच्या २,४०० कड्या गुंफल्या आहेत. तार सळईवर गुंडाळून तिची वळी करायची, वळी कापून कड्या सुट्या करायच्या आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवून पकडीने बंद करायची, असे ते काम आहे. खऱ्या चिलखतात कडीची टोके चपटी करून त्यांना बारीक खिळा मारत, ते तिला अजून जमलेले नाही आणि ती ते शिकते आहे. वजन एक किलोहून थोडे जास्त भरते. घरात आरशासमोर ती ते तासभर घालून बसते. येथे साडेअकराच्या उन्हात पंधरा मिनिटांत कड्या तापल्या, मानेवरचे केस त्यांत अडकले आणि खांद्याच्या हाडावर लाल वळ उठले. तिने तक्रार केली नाही, वही काढली आणि लिहून घेतले, की आत रुई म्हणजे कापूस भरलेल्या कापडाचा थर हवा, तोही गळ्यापर्यंत. मग तिने विचारले, की हे सगळे अंगभर घालून माणसे कोकणात मे महिन्यात लढली असतील का? बहुतेक साध्या शिपायांकडे चिलखत नव्हतेच, ते ज्यांना परवडे त्यांच्यासाठी होते, हे तिला माहीत होते. पण माहीत असणे आणि खांद्यावर वळ उठणे यांत फरक आहे.

किल्ल्यापासून दिवाळे गावाचा धक्का जवळ आहे. ओहोटी होती, चिखलात होड्या कलंडून बसल्या होत्या आणि दूर खाडीत रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. एका घराच्या पडवीत वयस्कर कोळीणबाई नायलॉनचे जाळे दुरुस्त करत होत्या. पत्नीने मंजिष्ठेत रंगवलेला शेला पाहून त्यांनी तो हातात घेतला, वास घेतला आणि विचारले, ‘हिरडा घातलाय नव्हं?’ मग त्यांनी सांगितले, ‘आमचे आज्याचे येलेला सुताची जाली व्हती. ऐनाचे सालीचे पान्यान बुरवायची, मंग ती कुजत नसं.’ ऐन या झाडाची साल उकळून त्या लालसर पाण्यात जाळी भिजवायची, सुकवायची आणि पुन्हा समुद्रात न्यायची. हिरड्यात आणि ऐनाच्या सालीत तुरटपणा देणारे द्रव्य एकच जातीचे असते, त्यानेच कातडे कमावले जाते, त्यानेच कापडावर रंग धरतो आणि त्यानेच जाळे खाऱ्या पाण्यात टिकते. पत्नीने आजवर हे केवळ कापडापुरते पाहिले होते. ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली आणि तासभर उठली नाही. मुलगा मधल्या वेळात जाळ्याची गाठ शिकला. आम्ही निघताना बाईंनी सुक्या मांदेलीची पुडी दिली आणि पुढच्या वेळी साल घेऊन या, आपण एक सुताचे जाळे करून पाहू, असे सांगितले.

संध्याकाळचा वेळ सिडकोच्या अर्बन हाटसाठी ठेवला होता. बेलापूर स्थानकापासून ते जवळच टेकडीवर आहे, झाडी भरपूर आहे, आणि देशभरातले कारागीर तेथे आपला माल घेऊन येतात. आम्ही गेलो तेव्हा कच्छहून आलेल्या एका अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या, कारागिराचे दालन होते. गर्दी कमी होती, त्यामुळे त्यांना बोलायला सवड मिळाली. काळ्या रंगासाठी ते गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात अनेक दिवस आंबवत ठेवतात आणि त्यात चिंचोक्याचे पीठ शिजवून ते ठशाला लागेल इतके घट्ट करतात. पत्नीला लोखंड-गुळाचे पाणी ठाऊक होते, चिंचोका ठाऊक नव्हता, आणि आमची ठशाची रेघ दर वेळी का पसरते याचे उत्तर तिला तेथे मिळाले.

तेवढ्यात त्यांचे लक्ष मुलाच्या डोक्याकडे गेले आणि त्यांनी हसून विचारले, ‘हळद?’ पागोट्याचा बाहेरचा भाग तीन दिवसांच्या उन्हात फिकट सायीसारखा झाला होता. मुलाने ते काढून सोडले, तेव्हा आतल्या घड्यांत रंग पहिल्या दिवसासारखाच गडद पिवळा होता, आणि सगळ्या कापडभर पिळाच्या तिरक्या रेषांत पिवळे आणि पांढरट पट्टे उमटले होते. हळद उन्हात टिकत नाही, हे त्याला त्याच्या आईने सांगितले होते. कारागिरांनी कापड दोन्ही हातांत ताणून दिव्यासमोर धरले आणि त्याला समजावले, की पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घे, तुरटीबरोबर, हळद थोडीच घाल. रंग इतका झळझळीत येणार नाही, पण राहील. त्यांनी सुकलेल्या सालीचा एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

हाटला जाणार असाल तर कोणत्या राज्याचे कारागीर कधी आहेत याची आधी चौकशी करावी, आणि शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी तीननंतर जावे. कारागिराशी बोलायचे असेल तर आपण केलेला एखादा नमुना, बिघडलेला असला तरी, सोबत न्यावा. नुसते प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरे मिळतात, पण बिघडलेले कापड दाखवणाऱ्याला चूक नेमकी कुठे झाली ते कळते. भावात घासाघीस मी करत नाही, कारण हाताच्या कामाला किती तास लागतात हे मला ठाऊक आहे.

रात्री साडेनऊला घरी पोहोचलो. आईने सगळ्यांचे कपडे खिडकीत वाऱ्यावर टाकले आणि माझ्या बाराबंदीचे ठिगळ एकदा बोटाने चाचपून पाहिले, ते धरून होते. लेकीने गळपट्टीला तेलाचे बोट फिरवून ती फडक्यात गुंडाळली, नाही तर खाडीची हवा दोन दिवसांत गंज आणते. पत्नीने मे महिन्यासाठी यादी केली : ऐनाची साल, चिंचोके, रुई, सुती दोऱ्याची चार रिळे. पागोटे पुन्हा रंगवू या, असे ती म्हणाली, तेव्हा मुलाने ते देण्यास साफ नकार दिला. त्याने ते भिंतीवर आडवे टांगले आहे, खाली कागदाच्या पट्टीवर मोडीत ‘घोडबंदर, वज्रेश्वरी, बेलापूर’ असे लिहिले आहे, आणि नव्या पागोट्यासाठी तो रोज फळवाल्याकडून डाळिंबाच्या साली मागून आणतो आहे.